नुसते हातवारे

"काका, दोन्ही हातांची स्मृती भरलीय. गिटारचे कॉर्ड आणि स्केल बोटांत घालायचे तर जुनं काहीतरी पुसावं लागेल," दुकानातली मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली. "हे नुसते हातवारे दिसतायत. पुसू?"

लेकीच्या लग्नात वाजवायला उतावीळ झालेला सांतान म्हणाला, "पूस की!"

घरी येऊन त्याने बायकोला झोकात वाजवून दाखवलं. जन्माच्या बहिऱ्या फिलूने गिटारच्या लाकडावर तळहात ठेवला, थरथर अनुभवली आणि खुणेने विचारलं, "कुठलं गाणं?"

तीस वर्षं दोघं हातांनीच बोलत आली होती. त्याने उत्तर द्यायला हात उचलला, तर बोटं हवेतच सी मेजर कॉर्ड धरून बसली. पुन्हा उचलला. पुन्हा तेच.

फिलू हसली. नवरा थट्टा करतोय, असंच तिला वाटलं.