पिवळी पट्टी

"आई, संगणकावर तुम्ही लिहिता त्या एडिटरला जोडलेले सगळे प्लगइन बंद करून एकेक सुरू केला. भांडण लागतंय ते या दोघांतच," सून म्हणाली. "मजकूर मोठ्याने वाचणारा हा नवा, आणि निशिकांतने तुमच्यासाठी लिहिलेला जुना. त्याची पिवळी पट्टी वर आली, की एडिटर बंद पडतो. एकच ठेवता येईल."

दमयंतीबाईंची दृष्टी अधू झाली होती. आत्मचरित्राची उरलेली प्रकरणे आता कानांनीच तपासायची होती. पट्टीवरची अक्षरे त्यांना दिसत नव्हती, पिवळेपणा तेवढा कळे. मुलगा गेला, तरी त्याची पट्टी वेळच्या वेळी येई.

"नवा काढून टाक," त्यांनी फर्मावले.

"मग वाचणार कोण?"

"तू. तो गेल्यापासून कामापुरतं बोलतेस. तोंडात मिठाची गुळणी धरून किती दिवस बसणार आहेस? वाच."

सून वाचू लागली. परिच्छेद संपता संपता पडद्यावर पिवळेपणा उमटला आणि ती वाचायची थांबली.

"तेही वाच."

"आई," नवऱ्याचे शब्द तिच्या ओठी कसेबसे आले, "पुरे आता. डोळे मीट जरा."

जन्मभर हुकूम सोडत आलेल्या दमयंतीबाईंनी मुकाट्याने डोळे मिटले.