जोडीचं भाडं

“नवरा-बायको असाल तर जोडीचं भाडं लागतंय,” बुकिंगवाला म्हणाला. “केबिन पाऊण भाड्यात. हायसा न्हवं?”

तानीबाईनं पदर सावरला आणि ती फरशीकडं बघत राहिली. सत्याप्पा आता काय म्हणतो, तेवढंच तिला ऐकायचं होतं. समुद्राचं काय, तो आज ना उद्या दिसेलच.

ब्याऐंशी सालचा उन्हाळा होता. पणजीहून मुंबईला जाणाऱ्या बोटीची तिकिटं बेळगावात एका माडीवर मिळत. पावसाळ्यात बोट बंद व्हायची, म्हणून शेवटच्या फेऱ्यांना ही सवलत. दोघं निपाणीहून सकाळच्या एसटीनं तिकिटं काढायलाच आले होते. सत्याप्पाच्या बायकोचं, पारूबाईचं, वर्षश्राद्ध उरकलं आणि मग एके दिवशी तो तानीबाईच्या दारात येऊन म्हणाला, “चल, तुला समिंदर दाखवतो. बोटीनं जाऊ, चांगली खोली घिऊन.” तिनं जन्मात त्याच्याकडं दोन गोष्टी मागितल्या होत्या, त्यातली ही एक. दुसरीचं नाव दोघंही काढत नसत.

तानीबाईला लहानपणीच यल्लम्मा देवीला सोडलेलं. गळ्यात तिचीच लाल-पांढऱ्या मण्यांची माळ. तंबाखूच्या वखारीत कामाला लागली, तिथं सत्याप्पा मुकादम होता. तेव्हापासून तो तिच्याकडं येतो हे अख्ख्या निपाणीला माहीत. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. तिच्या दुखण्याखुपण्याला धावायचा, दिवाळीला लुगडं आणायचा. फार पूर्वी तिनं त्याला विचारलं होतं, “मला बायको म्हणशीला का कवातरी? चारचौघांत, एकदाच.” तो म्हणाला, “पारू हाय तवर कसं म्हणू?” हे तिला पटलं. त्या बाईच्या जिवाला घोर लावायचा तिच्याही मनात नव्हता. गेल्या वर्षी पारूबाई गेली. दिवसपाणी झाल्यावर तिनं भीतभीत पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, “तू देवीची हाईस, तानी. देवीच्या माणसाला मी बायको कसं म्हणू? कोप व्हईल तिचा.” देवीला तीही भीतच होती.

आज एसटीत संकेश्वरला त्याच्या ओळखीचा एकजण चढला. “ह्या कोण म्हणायच्या, अण्णा?” त्यानं विचारलं.

“आमच्या गावच्या हाईत,” सत्याप्पा म्हणाला.

दवाखान्यात तेच, जत्रेत तेच, फोटो काढायला गेले तिथंही तेच. मेला एवढा धिप्पाड गडी, सगळ्या वखारीवर आवाज टाकणारा. पण तिचं कुणी विचारलं की त्याला दुसरं काही सुचतच नसे.

“आन जोडीचं न्हाय घेतलं तर?” सत्याप्पानं बुकिंगवाल्याला विचारलं.

“तर माणशी पूर्ण भाडं. त्यात वरची केबिन मिळती, खिडकीची. पडल्या जागी समुद्र दिसतोय बघा. जोडीच्यात खालची, तिला खिडकी न्हाय. आन जाणं रद्द केलं तर पैसे बुडाले.” मग त्याचं लक्ष तानीबाईच्या गळ्याकडं गेलं. बेळगावचाच माणूस तो, ती माळ न ओळखायला काय झालं. “पण ह्यांच्या गळ्यात तर... गंड-हेंडतीच हायसा न्हवं? नवरा-बायको? उगं मला गोत्यात आणू नगासा.”

तानीबाईनं माळ पदराखाली सारली. आता हा म्हणणार, आमच्या गावच्या हाईत. इथंही.

“बायकोच हाय माझी,” सत्याप्पा म्हणाला. चांगल्या खणखणीत आवाजात. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. “यल्लम्माची आण घिऊन सांगतो. आनी काय पायजे?”

तानीबाईनं डोळे मिटले. इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली, तो असा परक्या माणसांत, भर दिवसा तिच्या कानावर पडला होता. तेही देवीचं नाव घेऊन. कोप काही झाला नाही. छताचा पंखा होता तसा फिरत राहिला. आता तिला खालचीच काय, बोटीच्या तळातली खोलीही चालली असती.

सत्याप्पा तिच्या कानाशी वाकला. स्वारी खुशीत होती.

“कुणी इचारलं तर मान हालव,” तो हळूच म्हणाला. “मुंबैत उतरूस्तवर तेवढं बायको म्हणायचं. पाव भाडं वाचतंय न्हवं? माघारी गेल्यावर देवीला नारळ फोडू, चुकीचं बोललो म्हणून.”

तानीबाईला एकदम काहीच कळेना. मग सगळंच कळलं. देवी कधी आडवी आली नव्हती. बिचारी पारूबाईसुद्धा आली नव्हती. तिला स्वतःचाच भयंकर राग आला, आणि रडू यायच्या आत ती उठली. कनवटीला वखारीतल्या मजुरीचे पैसे होते. मुंबईत त्याच्यासाठी एखादं धोतर घ्यावं म्हणून तिनं ते बरोबर आणले होते. ते तिनं टेबलावर ठेवले.

“मला खिडकीचं द्या,” ती म्हणाली. “पुऱ्या भाड्याचं. एकटीचं.”

“अगं तानी, खुळी काय तू,” म्हणत सत्याप्पा पुढं झाला. तिनं त्याचा हात बाजूला केला.

बुकिंगवाला पेन धरून तसाच बसला. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं.

“आन ह्ये, आक्का? ह्ये कोण मग तुमचं?”

तानीबाईनं सत्याप्पाकडं नीट बघून घेतलं.

“ह्ये व्हय?” ती म्हणाली. “आमच्या गावचं हाईत.”