परभाचा गाल

"उज्ज्वल" हा शब्द बेबीनंदाने फळ्यावर बरोबर लिहिला आणि चौथीचा सगळा वर्ग गुरुजींकडे बघू लागला.

दुष्काळात शाळेत मिळणारी सुकडी, म्हणजे गोड पिठाचा खाऊ, वाटायला अजून अर्धा तास होता, म्हणून रामराव गुरुजींनी शब्दांचा खेळ काढला होता. हसतखेळत शिकवा, असं त्यांना बदनापूरच्या शिबिरात सांगितलं होतं आणि ते त्यांनी मनावर घेतलं होतं. खेळ सोपा. गुरुजी शब्द सांगत, पोरं ओळीने येऊन तो फळ्यावर लिहीत. चुकला तो भिंतीला उभा. ज्याचा सगळ्यांत आधी बरोबर येईल त्याने चुकलेल्या प्रत्येकाचं नाक धरायचं आणि गालावर एक ठेवून द्यायची. पोरांना हा शनिवारचा खेळ इतका आवडे की त्या दिवशी कुणी घरी राहत नसे.

बौद्धवाड्यातली बेबीनंदा चुकली, की तिचं नाक धरायला मात्र कुणी पुढे येत नसे. तिच्यासाठी गुरुजींनी लाकडी रूळ ठेवला होता. विटाळ नको आणि तंटाही नको. गुरुजी मोठे व्यवहारी.

आज मागच्या ओळीपासून सुरुवात झाली आणि तिच्या आधीचे पाचही जण चुकले. भिंतीशी पहिला उभा होता तो पाटलांचा भुजंग. बेबीनंदाने खडूचे हात झग्याला पुसले आणि ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच तिची पाळी आली होती. तिला हसू आवरत नव्हतं.

"गुर्जी, ही हात लावून राह्यली मला," भुजंग म्हणाला.

गुरुजींनी हनुवटी खाजवली. हात लावू नको असं उघड म्हणायची सोय नव्हती. असला भेद करणार नाही, असं शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी मागच्याच महिन्यात सगळ्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं.

"थांब गं," ते म्हणाले. "तुझी बहीण दुसरीत हाय ना? बोलव तिला."

दुसरीचा वर्ग बाहेर ओसरीतच भरायचा. परभा पाटी बगलेत मारून पळत आली. मोठ्यांच्या वर्गात आपल्याला बोलावलं, याचाच तिला आनंद झाला होता.

"ह्या पाचजणांच्या बदल्यात ही उभी राहील," गुरुजी म्हणाले. "तुझा हक्क बी राह्यला, यांचं बी भागलं. धर नाक."

"हिनं काय केलं गुर्जी?"

"काहीच न्हाई केलं. खेळ हाय हा. मार जल्दी."

बेबीनंदाने बहिणीच्या गालाला नुसता हात लावला.

"हे न्हाई चालायचं. आवाज आला पायजे. बिलकुल पहिल्यापासून."

तिने मारली. पोरं हसली, तशी परभाही हसली. "ही भुजंगाची," गुरुजींनी मोजलं. दुसरी कचरूची झाली. तिसरीला परभाचं हसू गेलं. पाचवी बसल्यावर ती रडली नाही, नुसती बहिणीकडे बघत राहिली. ते बघणं रडण्याहून वाईट होतं.

"कुणाला लागलं का? न्हाई ना? आन् खेळ बी बराबर झाला," गुरुजी म्हणाले. "परभा, तू थांब इथंच. आता पुढचा शब्द. ज्योत्स्ना."

या वेळी त्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पहिलाच रामकिसन उठला. त्याचं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं आणि हा शब्द त्याला झोपेतही आला असता. त्याने फळ्यावर एक उभी रेघ ओढली, परभाकडे बघून हसला आणि भिंतीला जाऊन उभा राहिला. मग सगळ्यांनाच ती गंमत कळली: जितके चुकतील, तितक्या परभाच्या गालावर. कुणी गोल काढला, कुणी नुसता खडू टेकवला. भुजंगाने तर कावळा काढला. गुरुजींना हसू फुटलं होतं, पण त्यांनी कुणाला अडवलं नाही. बघता बघता अठराच्या अठरा पोरं भिंतीला लागली.

शेवटी बेबीनंदा उरली. ती फळ्याजवळ गेलीच नाही.

"येत न्हाई गुर्जी."

"मंग कर हात पुढं. पालथा."

पहिला रूळ बोटांच्या सांध्यांवर बसला. दुसऱ्याला ती वाकली, पण हात मागे घेतला नाही. गुरुजींनी तिसऱ्यांदा रूळ उचलला, तेवढ्यात परभा मध्ये बोलली.

"नका मारू गुर्जी. अक्काला येतंय. सकाळी मातीत लिहून दाखवला तिनं मला."

"खोटं बोलती ती," बेबीनंदा घाईने म्हणाली.

"खरंच येतंय तिला."

गुरुजींनी रूळ खाली घेतला आणि खडू बेबीनंदाच्या पायाजवळ टाकला.

"लिही. आन् मुद्दाम चुकवशील, तर अठरा रूळ हिच्या हातावर."

बेबीनंदाने खडू उचलला. सुजलेल्या बोटांत तो धड धरता येत नव्हता. तरी तिने शब्द लिहिला, आणि तो बरोबर लिहिला. भिंतीशी कुणीतरी टाळी वाजवली.

ती वळली, तेव्हा परभा न बोलावताच तिच्यासमोर येऊन उभी होती. तिने झग्याच्या टोकाने आपलं नाक नीट पुसलं, अक्काचा हात भरू नये म्हणून, आणि तोंड वर केलं.