अनामिक परीक्षक

गुरुबंधूचा शोधनिबंध तपासायला नेमका आपल्याकडेच आलाय, हे पाहून तिला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. दोघांनी एकाच सरांच्या हाताखाली भौतिकशास्त्रातल्या अतिवाहकतेच्या सिद्धांतात डोकं घातलं होतं. पण तो प्राध्यापक होऊन मिरवत होता आणि ती अजून दर तीन वर्षांनी नव्या नोकरीचे अर्ज भरत होती. परीक्षकाचं नाव लेखकाला कधी कळत नाही आणि परीक्षकानेही ते कुठे बोलायचं नसतं, असा या कामाचा रिवाज.

तीन आठवडे तिने त्या निबंधाची वीण उसवली. नवरा म्हणालाही, "अगं, स्वतःचं काम तरी कधी इतकं जीव ओतून केलंयस का?" सातव्या पानावर चूक सापडलीच. पण नुसती चूक दाखवून तिचं पोट भरेना. 'हे असं करतात, शहाण्या!' हे कळावं म्हणून तिने अख्खं गणित नव्याने सोडवलं आणि अकरा पानी अभिप्राय धाडून दिला.

दुरुस्त केलेला निबंध जगभर गाजला. त्याला मोठं पारितोषिक मिळालं. समारंभात ती एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसली होती. भाषणात त्याने निम्मं श्रेय त्या अनामिक परीक्षकाला दिलं, तेव्हा सगळ्यांबरोबर तिलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

नंतर चहाचा कप घेऊन तो तिच्याजवळ आला.



"कोण देवमाणूस असेल गं तो? इतक्या मायेने माझं काम आजवर कुणी वाचलं नव्हतं. तू तर कधीच नाहीस!"