फरफट

“पुन्हा चुकलं,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. “तुमचं पाऊल नायिकेच्या आधी पडतंय.”

“चुकतेय ती पोरगी. डावा पाय मागे राहतोय तिचा. मी तालात आहे,” ती माइकसमोरून म्हणाली.

पडद्यावर नायिका वळायच्या बेतात थिजली होती. चित्रीकरणात गाणं मोठ्यानं लावलेलं असतं, म्हणून पावलांचे आवाज नंतर अशा बंद खोलीत भरावे लागतात. सिनेमातल्या माणसांसाठी इथे माइकसमोर चालणं, पळणं, जिने चढणं हाच तिचा धंदा होता. भिंतीलगतच्या खोक्यात तऱ्हेतऱ्हेची पादत्राणं भरलेली होती. आज तिनं नायिकेसारखेच कॅनव्हासचे बूट घातले होते. तरी ते एक पाऊल जमत नव्हतं.

त्याच पावलाला लोक फरफट म्हणत. डावा पाय जमिनीवरून ओढत आणायचा, उजवा त्याच्यामागून, मग क्षणभर थांबून गर्रकन मागे वळायचं. तालमीतली एक चित्रफीत फोनाफोनांतून पसरली आणि सगळ्यांना फरफटीचं वेड लागलं. निर्मात्यानं त्या वेडावर अख्खा सिनेमा उभा केला.

“माझी सासूसुद्धा करते,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तर फारच छान.”

ती हसली नाही. फरफट तिच्या बाबांनी बसवली होती. या सिनेमाचे नाच त्यांचेच. शेवटचं गाणं पुरं झालं आणि आठवड्याभरात ते गेले. अंत्यदर्शनाला आलेली माणसं आधी नायिकेच्या खांद्यावर हात ठेवत होती. मग कुणीतरी हळूच विचारत होतं, “यांची मुलगी कोणती?”

लहानपणी तिनं कितीदा म्हटलं होतं, बाबा, मला शिकवा ना नाच. “दमून आलोय गं. उद्या.” दुपारी तालमीहून येत आणि डोळ्यांवर हात आडवा टाकून पडत. घरात आवाज करायचा नाही. तिच्या वाट्याला आलेले बाबा म्हणजे तो आडवा हात. बाकीचे सगळे या पडद्यावरच्या पोरीला मिळाले. आणि एवढं मिळूनही हिचं पाऊल तालात पडत नव्हतं. ही चूक सापडल्यापासून तिला जरा बरं वाटत होतं.

“संकलकाला सांगू या,” ती म्हणाली. “मधला थांबा कापून टाका म्हणावं. बाबांनी असलं ढिसाळ पाऊल ठेवलंच नसतं.”

“नको ना, ताई.”

नायिका दारात उभी होती. शेजारच्या खोलीत तिचं डबिंग चाललं होतं. “चूक नाहीये ती. त्या एका पावलासाठी सरांनी रडवलंय मला. तालात टाकलं की ओरडायचे, ‘पाय उचलू नकोस, चप्पल निसटेल!’ मी बूट घालून नाचतेय आणि यांची चप्पल निसटतेय! मग वळण आलं की, ‘थांब आधी. आता मागे बघ, बाप उठला का.’ कुठली चप्पल, कुणाचा बाप! विचारलं तर नुसते हसायचे.”

तिनं आपले कॅनव्हासचे बूट काढले. खोक्याच्या तळाशी हात घालून पुरुषी चपलांचा एक जोड ओढून काढला, होता त्यातला सगळ्यांत मोठा.

“अहो, पडद्यावर बूट आहेत,” रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“असू देत. लावा.”

डावा पाय ओढत आला. अंगठा घट्ट आवळून उजवा त्याच्यामागून. लहानपणी बाबांच्या चपला घालून ती रोज दुपारी अशीच खाटेजवळून मागच्या दारापर्यंत जायची. दाराशी पोचली की श्वास धरून थांबायची आणि गर्रकन मागे बघायची. डोळ्यांवरचा हात जागचा हललेला नसायचा.

“जुळलं!” रेकॉर्डिस्ट ओरडला. “अगदी बरोबर जुळलं!”

ती तशीच मागे वळलेली उभी राहिली. म्हणजे बाबा झोपलेले नसायचेच.