वाहेदच्या घमेल्यातलं पाणी

गेवराईत भर दुपारी वाहेद पंक्चर शोधायला सायकलची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबत होता. मे महिना होता, तरी पाणी बर्फासारखं गार लागत होतं.

तेवढ्यात भाच्याचा, अबरारचा व्हिडिओ कॉल आला. सायकली दामटायला आणि कडे चढायला तो सुट्टी काढून आल्प्समध्ये गेला होता. आत्ता तो एका कड्यावर दोराला लटकलेला होता.

"मामू, दोर लई हलायलाय. वर तर कुणीच न्हाई."

वाहेदचा ट्यूबवरचा हात थबकला.

"आता थांबला बघा," म्हणत अबरारनं कॅमेरा वर फिरवला.

ढगातून आलेल्या एका हातानं दोर धरला होता. बोटांना ग्रीस होतं आणि एका बोटात वाहेदच्याच हातातली फिरोजाची अंगठी होती.

घमेल्यातल्या ट्यूबला खालून माणसाचं वजन लागलं.