‘बस’ कधी म्हणायचं

“अहो बाबा, काय बघायचं ते तरी सांगा!” सून अगदी काकुळतीला आली होती.

“बघितलं की कळतं,” सासरे काळ्या चष्म्याआडून म्हणाले आणि चहाचा कप चाचपू लागले.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. धुराच्या आसपास फिरकायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. आणि भट्टी तर आजच लावायला हवी होती, कारण माल न्यायला दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक यायचं होतं.

झळाळीची भांडी म्हणजे नसती उठाठेव! झिलई देऊन भाजलेलं चांगलं ताट घ्यायचं, त्यावर तांब्याचा क्षार कालवलेल्या मातीनं नक्षी काढायची आणि पुन्हा मंद भट्टीत, धुरात कोंडायचं. धूर कमी पडला तर ताट फिकं, जास्त झाला तर कोळसा. मधेच कधीतरी त्यावर सोन्याची झाक उतरते, आणि सोनं तर त्यात गुंजभरही नसतं. “सोन्याच्या ताटात जेवणं कुणाला परवडतंय? म्हणून कुणा शहाण्यानं धुरालाच कामाला लावलं,” सासरे गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचे. “हजार वर्षं झाली, माणसं अजून भुलतायत!”

पण ती झाक नेमकी कधी उतरली, हे घरात एकट्या सासऱ्यांना कळायचं. सून भट्टीच्या भोकातून सळईनं नमुन्याची कडी, म्हणजे ताटांसोबत ठेवलेलं त्याच नक्षीचं मातीचं छोटं कडं, बाहेर ओढायची, ओल्या फडक्यानं काजळी पुसायची आणि त्यांच्या नाकासमोर धरायची. “अजून,” ते म्हणायचे. पुन्हा एक कडी. “अजून.” मग एकदम, “बस!” लगेच लाकडं घालणं बंद करायचं आणि सगळी भोकं चिखलानं लिंपायची. त्या वेळी कुणी चकार शब्द काढलेला त्यांना खपत नसे.

एकदाच, ती माहेरी गेली असताना, कड्या तिच्या नवऱ्यानं धरल्या होत्या. सगळा माल काळाठिक्कर निघाला. लाकूड ओलं होतं, असं सासऱ्यांचं म्हणणं.

“नाचता येईना अंगण वाकडं,” म्हणून नवरा त्यांना अजून चिडवायचा. आज मात्र तो थट्टेच्या मूडमध्ये नव्हता. “ही भट्टी बिघडली, तर हे थेर कायमचे बंद. सरळ पांढरे कप करायला घेऊ,” असं त्यानं सकाळीच बजावलं होतं. या घरात आल्यापासून सुनेचा जीव त्या झळाळीत गुंतला होता. पांढरे कप काय, कुणीही करील!

दुपारी तिनं पहिली कडी ओढली, पुसली. नुसतीच तांबूस.

“अजून,” ती स्वतःलाच म्हणाली.

दुसरी निघाली मळकट पिवळी. “अजून.” नवरा हाताची घडी घालून शेजारी उभा होता. तिनं तिसरी कडी पुसली आणि तिचा श्वास घशातच अडकला.

“बस!”

“नक्की?”

“अहो, चिखल आणा आधी!”

दुसऱ्या दिवशी सकाळी गार झालेली भट्टी उघडली, तर आत सगळी काळी ताटं. नवऱ्याचं तोंड उतरलं. तिनं मात्र मूठभर राख घेऊन एक ताट खसाखसा घासलं. काजळी निघाली आणि खालून पिवळाधमक उजेड वर आला. मग दुसरं घासलं, मग तिसरं. दोघांचाही जीव भांड्यात पडला.

“पांढऱ्या कपांना आपला रामराम,” नवरा हसत म्हणाला आणि आपणही घासायला बसला.

ती ताट घेऊन धावतच घरात गेली. सासऱ्यांनी चष्मा काढला, ताट खिडकीशी नेलं आणि इकडून तिकडून कितीतरी वेळ कलवून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

“अहो, रडू नका, डॉक्टर मला रागावतील!” तिलाही हसता हसता रडू येत होतं. “तुम्ही शेजारी नव्हता, माझी तर पाचावर धारण बसली होती. चुकून जमलं बघा.”

“चुकून कसलं, पोरी? गेली कितीतरी वर्षं मला ती कडी नुसती करडी दिसायची. शेजारी तुझा श्वास अडकला, की मी ‘बस’ म्हणायचो.”